सहा दाबाचा पाइप

वरदच्या सत्काराची बातमी फोनवर आली तेव्हा भाग्यश्री खडकीतल्या एका सोसायटीच्या ड्रेनेज चेंबरमध्ये टॉर्च मारून बघत होती. तिने टॉर्च बंद केला. कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

मूळची यवतमाळची भाग्यश्री पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. आपल्या रजा खर्चून परदेशातल्या गरीब गावांची कामं फुकट करून देणाऱ्या पुण्यातल्या एका मंडळात ती होती. तीन वर्षांपूर्वी मंडळाने मलावीतल्या एका डोंगरगावात झऱ्याचं पाणी खाली आणायचं काम घेतलं. आखणी तिची, प्रमुख वरद. उतार तीव्र, म्हणून तिने दहा दाबाचा, म्हणजे जास्त दाब सोसणारा जाड पाइप सुचवला होता. काम संपायच्या आधीच वडिलांच्या ऑपरेशनसाठी तिला परतावं लागलं. तिकडे जाड पाइप यायला उशीर झाला आणि उद्घाटनाचे पाहुणे तर ठरलेले. वरदने बाजारात मिळाला तो सहा दाबाचा पाइप टाकून दिला.

तिसऱ्या दिवशी तो फुटला. पाण्याने माती सुटली आणि एस्नाती नावाच्या बाईच्या घराची भिंत तिच्या अंगावर आली. तिचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

वरदने अहवालात लिहिलं की दाबाचं गणित चुकलं होतं, आणि गणित भाग्यश्रीचं होतं. मंडळाने तिला काढलं आणि गावातलं काम कायमचं बंद केलं. तिच्या कंपनीने आखणीचं काम काढून घेऊन तिला चेंबर तपासायला लावलं. यवतमाळहून वडिलांनी फोनवर विचारलं, "लोकांची घरं पाडून आलीस म्हणतात, खरं का?"

त्या रात्री तिने मलावीतल्या त्या गावच्या गवंड्याला निरोप धाडला, की फुटलेल्या पाइपचा तुकडा पाठव. काही महिन्यांनी पुण्याला येणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर तो तुकडा आला. कारखान्याने छापलेला सहाचा आकडा त्यावर स्वच्छ दिसत होता.

त्याच दिवशी तो मंडळात नेऊन दिला असता, तर चहा पिऊन प्रकरण सभ्यपणे मिटलं असतं. तिला ते मिटायला नको होतं. वरदला अजून वर चढू द्यायचं होतं. तो मंडळाचा सचिव झाला, कॉलेजांत भाषणं देऊ लागला. प्रत्येक फोटो ती बारकाईने बघायची. अशी दोन वर्षं गेली.

स्वारगेटजवळच्या सभागृहात रविवारी सकाळी हार घालून झाले आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. भाग्यश्री उभी राहिली.

"मलावीत कुठला पाइप टाकला होतास, वरद?"

"आराखड्यात होता तोच. दहाचा."

ती व्यासपीठावर गेली आणि अध्यक्ष गोपाळकृष्ण यांच्यासमोर तुकडा ठेवला. निवृत्त इंजिनिअर ते. त्यांनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला.

"वरद, इथे सहा लिहिलंय."

"सर, आपण हे बाहेर बोलू या का?"

"बाहेर ऊन आहे. इथेच बोला."

भाग्यश्रीने मलावीला व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता. पडद्यावर कुबडी घेतलेली एस्नाती आणि शेजारी दुभाषी म्हणून गवंडी दिसला. तीनशे माणसांसमोर वरदला खरं काय झालं ते एकेका वाक्यात सांगावं लागलं, आणि भाषांतर होईपर्यंत थांबावं लागलं. त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. भाग्यश्रीला वाटलं, हे संपूच नये.

मग एस्नातीने भाग्यश्रीला विचारलं, "हा तुकडा तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"दोन वर्षं," भाग्यश्री म्हणाली.

"आराखडा बरोबर होता हे तेव्हाच कळलं असतं, तर काम पुन्हा सुरू झालं असतं. दोन वर्षं माझी सून नदीवरून पाणी वाहतेय."



मंडळाने वरदला पदावरून काढलं आणि काम पुन्हा हाती घेतलं. प्रमुखपद भाग्यश्रीला देऊ केलं, तेव्हा तिने एकच अट घातली: वरद चर खणायला येईल.

"हा सूड झाला," गोपाळकृष्ण म्हणाले.

"हो, सर."

वरद आला, कारण नाहीतर मंडळ पोलिसांत जाणार होतं. दीड महिना त्याने खणलं. चर दोन बोटं जरी उथळ दिसला तरी ती काठावरून म्हणायची, "पुन्हा." त्याच्या तळहाताला फोड आले. तिने ते पाहिले आणि पुढचा टप्पा आखून दिला.

पाणी आलं त्या दुपारी एस्नाती कुबडी टेकत नळापाशी आली. ती ओंजळभर पाणी प्यायली, मग तिने वरदच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं आणि त्याला सावलीत बसायला सांगितलं. भाग्यश्रीकडे बघून तिने नुसती मान हलवली.

परतीच्या विमानात भाग्यश्री जागीच होती. तुकडा पुन्हा हाती आला तर लगेच देऊ का, असं तिने स्वतःला विचारलं. वरदचा सभागृहातला घामेजलेला चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि तिला हो म्हणता येईना.