जोड्यांच्या कपाटातला सूर्य

सभागृहातल्या चटयांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. गावाने दारातल्या कपाटात ओले जोडे कोंबले होते आणि जोड्यांबरोबर अक्कलही तिथेच ठेवली होती. मंचावर कुरोसे उभा होता. तो स्वतःला डॉक्टर म्हणवायचा. कशाचा डॉक्टर, हे विचारणं असभ्यपणाचं. आणि आमच्याकडे माणूस एक वेळ फसेल, पण असभ्य ठरणार नाही.

"मंडळी, हे उजेडाचं पीठ!" कुरोसेने पांढरी पुडी नाचवली. "सूर्यकिरण शिवला की पाणी फुटतं. आणि हे फुटलेलं पाणी प्यालं की साखर, संधिवात, सासू, सगळं ताळ्यावर! फक्त तुमच्या घरची एक उमेबोशी टाका. पाण्याला घरच्या माणसाचा हात ओळखता यायला हवा!"

घरोघरच्या बरण्यांतली ती खारवलेली आंबटढाण फळं पीठ घातलेल्या पाण्याच्या बाटल्यांत पडली. बघता बघता पाणी फसफसलं. लोकांनी हात जोडले.

निवृत्त विज्ञानशिक्षक तोकुजी सर मात्र शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीच्या, मुत्सुएताईच्या कपाळावरचं टेंगूळ बघत होते. ताईला मधुमेह. कुरोसे गावात आला, त्याने तिला पहिली पुडी दिली आणि तिने इन्सुलिन बंद केलं. आज सकाळी ती न्हाणीघरात भोवळ येऊन पडली होती.

"ताई, ऊठ. दवाखान्यात चल."

"गप रे तोकू. उजेडाने पाणी फुटतं, हे शाळेत तूच शिकवायचास ना? आपल्याच देशातला शोध म्हणून छाती फुगवायचास!"

गोष्ट खरी होती. तशी पिठं असतात. त्यांच्यावर योग्य उजेड पडला की पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो, पण कंजुषाच्या हातून दान सुटावं तसा. खोट्याला स्वतःचे पाय नसतात, म्हणून ते खऱ्याच्या खांद्यावर बसून गावभर मिरवतं.

"पाणी फुटतं गं बाई," सर कुजबुजले, "पण म्हणून काही तुझी साखर उतरत नाही."

ताईने मान फिरवली. खिडकीत तिने रुमालाची एक बाहुली टांगली होती. ऊन पडावं म्हणून आम्ही टांगतो तसली. बाहेर जूनची झड लागली होती.

"माझी मेली बाहुली कुचकामी निघाली," ताई म्हणाली. "पण डॉक्टरांची कृपा बघ! ऊन नाही, तरी पाणी फुटतंय."

सरांनी कान टवकारले. ऊन नाही, तरी? ते ताडकन उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, सूर्य कुठाय?"

"ढगाआडूनही तो काम करतो, सर! श्रद्धा हवी."

"वा! मग कपाटाआडूनही करील." सरांनी पुडीतलं पीठ आणि पाणी दोन बाटल्यांत घातलं. एकीत उमेबोशी टाकली आणि ती जोड्यांच्या कपाटात ठेवून दार लावलं. दुसरी उमेबोशीवाचून खिडकीत, बाहुलीखाली ठेवली.

कुरोसे किंचाळला, "जोड्यांच्या घाणीत? पाण्याची शक्ती मरेल!"

"मरू द्या की! मग बुडबुडे येणार नाहीत आणि मी तुमचे पाय धरीन."

एवढा घोर असभ्यपणा गावाने पाहिला नव्हता. शेवटी ताईच उठली, भिंत धरत गेली आणि तिने कपाट उघडलं. काळोखात, तिच्याच गमबुटाला टेकून, बाटली जोरात फसफसत होती. खिडकीतली बाटली ढिम्म.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "माझ्या गमबुटात सूर्य उगवला!"

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. सरांनी पुडी तळहातावर पसरली. "हे राखाडी कण बघा. मॅग्नेशियम, धातू आहे. उमेबोशीतलं आंबट त्याला लागलं की वायू सुटतो, दिवसा आणि रात्रीही. पांढरं पीठ आहे ते धातू झाकायला. चमत्कार असलाच तर तुमच्या बरणीतल्या आंबटाचा!"

कुरोसेला पळायचं होतं, पण त्याचे जोडे त्याच कपाटात आणि कपाटापुढे गाव. शेवटी तो संडासातल्या चपला घालून मागच्या दाराने पसार झाला.

ताई मटकन खाली बसली. "सुया टोचून टोचून पोटाची चाळण झालीय रे, तोकू. म्हणून भुलले."

"माहीत आहे गं," सर म्हणाले. त्यांनी कपाटातून तिचे गमबूट काढून तिच्यापुढे ठेवले.

तर मंडळी, विज्ञानाची झूल पांघरून कोणी आला, तर लाजू नका, विचारा. जे उजेडाने होतं म्हणतात, ते अंधारात ठेवून बघा. जे फळ टाकल्यावर होतं, ते न टाकता बघा. एवढ्याला पदवी लागत नाही, थोडा असभ्यपणा लागतो.

दवाखान्यात ताईने बाहुली मांडीवर घेतली होती. "हिला ऊन पाडता आलं नाही," ती म्हणाली, "पण पाडलं म्हणून थापा तरी मारल्या नाहीत." नर्स सुई घेऊन आली, तशी ताईने डोळे बारीक केले. "काय गं, तुझं हे औषध अंधारात चालतं का?"

"चालतं, आजी. श्रद्धा नसली तरी चालतं."

ताईने बाही वर केली.