चिठ्ठीतली विधवा

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे मूळपुरुष म्हणत, आणि तेही तोंडावर. जुन्या इंग्रजी शब्दांची मुळं खणायची, कुठला शब्द कुठून आला आणि वाटेत त्याचा अर्थ कसा फिरला ते लिहायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. घरीही तीच रड. 'नाइस' म्हणजे एके काळी 'अडाणी', हे त्यांनी बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि तेव्हापासून त्या माउलीने स्वयंपाकाचं कौतुक इंग्रजीत ऐकून घेतलेलं नाही.

कचेरीत देवाच्या वर एकच गोष्ट होती, ती म्हणजे चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर शब्द, जुन्या पुस्तकातलं वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. चिठ्ठी असेल तर अर्थ आहे, नसेल तर नाही. मग तुम्ही कितीही मोठे विद्वान असा, गप्प बसा.

आता नवी आवृत्ती निघत होती, आणि प्रत्येक चिठ्ठी मूळ पुस्तकाशी ताडून बघायला एक तपासनीस मुलगी ठेवली होती. सहा महिन्यांच्या बोलीवर. पोरगी भलतीच चिवट. पुस्तकांच्या प्रस्तावनासुद्धा वाचायची, ज्या लिहिणाऱ्यांनीही पुन्हा वाचल्या नसतील. मूळपुरुषांचा तिच्यावर जीव होता. आपल्यामागे ही खुर्ची हिलाच मिळावी, असं ते बायकोजवळ दोनदा बोलून गेले होते.

सहावा महिना संपायला चार दिवस उरले असताना ती 'सिली' या शब्दाची चिठ्ठी घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. हे वाक्य सापडत नाही, म्हणाली. एका पाद्र्याच्या पत्रसंग्रहातलं म्हणून लिहिलंय, पण संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचला. तुम्ही एकदा बघता का?

मूळपुरुषांना बघायची गरज नव्हती. ते वाक्य त्यांनीच रचलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना लख्ख आठवत होती. 'सिली' म्हणजे आधी 'धन्य', देवाची कृपा असलेला; शेवटी 'मूर्ख'. दोन्ही टोकं हातात होती, मधली पायरी दाखवणारं वाक्य तेवढं मिळत नव्हतं. आणखी आठवडाभर पुस्तकं धुंडाळली असती तर मिळालं असतं, खात्रीने मिळालं असतं. पण छापखान्याचा माणूस दारात उभा, आणि एका चिठ्ठीपायी अख्खा खंड अडलेला. तेव्हा मूळपुरुषांनी एक कोरा कागद ओढला आणि एका विधवेला जन्माला घातलं. गावातली ती सिली बाई घरातला सगळा पाव शेजाऱ्यांना वाटते, स्वतः उपाशी निजते आणि वर देवाचे आभार मानते. धन्य म्हणा नाहीतर खुळी म्हणा.

वाक्य फक्कड जमलं, हीच पंचाईत झाली. ते वर्गावर्गांत शिकवलं जाऊ लागलं. दुसऱ्या चार कोशांनी ते उचललं. एका प्राध्यापकाने त्या विधवेवर शंभर पानं खरडली आणि तिला दोन मुलं असावीत असा निष्कर्षही काढला.

मूळपुरुषांनी त्या मुलीला थातुरमातुर उत्तर दिलं, बघतो म्हणाले. पण पोरीने तोवर आपल्या अहवालात 'सापडलं नाही' लिहून तो मुख्य संपादकांकडे पाठवलासुद्धा होता. मुख्य संपादकांचा पारा चढला. साऱ्या जगाला ठाऊक असलेलं वाक्य जिला शोधता येत नाही, ती तपासणार काय, कपाळ? शुक्रवारी तिला नारळ द्यायचा, असं ठरलं.

त्या संध्याकाळी मूळपुरुषांना घास जाईना. शेवटी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती चिडली नाही, रडलीही नाही. ताट उचलता उचलता एवढंच म्हणाली, "तुमचं केलेलं त्या पोरीने का भरायचं? उद्या जा आणि सांगा."

ते गेले. मुख्य संपादकांच्या खोलीत उभं राहून त्यांनी ते वाक्य आपण रचल्याचं कबूल केलं. मुख्य संपादकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की ते वाक्य चार कोशांत आहे. चौघांनीही आपल्याकडूनच घेतलंय, मूळपुरुष म्हणाले. तसं त्यांनी कुठे छापलंय का? नाही छापलेलं. मग? एकदा छापलेलं वाक्य काढायचं तर ते खोटं असल्याचा छापील पुरावा लागतो, तोंडी बोलण्याची चिठ्ठी होत नाही. हा नियम कचेरीला कोणी घालून दिला होता? खुद्द मूळपुरुषांनी.

"एका पोरीसाठी खोटंच स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेताय," मुख्य संपादक म्हणाले. त्यांचे डोळे चक्क भरून आले होते. "केवढं मन तुमचं!"

आणि त्या मोठ्या मनाखातर ते विरघळले. तिने चिठ्ठीवर 'सापडलं' असं लिहून सही करावी, सोमवारपासून तिला कायम करतो, म्हणाले.

मूळपुरुष तिच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले आणि सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या दुपारची गोष्ट, छापखान्याचा माणूस, मुख्य संपादकांची अट, काही हातचं न राखता सांगून टाकलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या पाद्र्याला इतकं चांगलं लिहिता येत नव्हतं."

त्यांना शरमही वाटली आणि, खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. मग तिने चिठ्ठी दोघांच्या मधोमध ठेवली. ही नोकरी तिला किती हवी होती हे त्यांना ठाऊक होतं. उत्तर तिने त्यांच्यावर सोडलं होतं, तेही दिसत होतं. नको लिहूस, असं एखाद्या सरळ माणसाने म्हटलं असतं. तेच म्हणायचं असं ठरवून ते आले होते.

"लिही," ते म्हणाले.

तिने पेनाचं टोपण काढलं. नव्या पद्धतीत चिठ्ठीवर पानाच्या आकड्याचा रकाना होता आणि तो कोरा ठेवून चालत नसे.

"पान कितवं टाकू, सर?"

"एकशे बेचाळीस." आकडा इतका झटकन तोंडातून निघाला की त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुस्तक एकशे छत्तीस पानांचं आहे."

"मग एकशे बारा टाक."

तिने टाकलं, आणि खाली सही केली.