खड्ड्यातला झेर्बो

यातेंगा मुलखाच्या तांबड्या माळावर दिवस कलला, तरी तांगाच्या बापाला मूठमाती मिळेना. कारण खणलेल्या खड्ड्यात झेर्बो ऐसपैस आडवा झाला होता! तांगा मोसी, झेर्बो सामो. दोन्ही जमाती पिढीजात थट्टेचे भाऊबंद; मयतीतही एकमेकांना शिव्या द्यायचा रिवाज, त्यामुळे रागवायची सोय नाही.

“ऐन पेरणीला मेला, कामचुकार म्हातारा!” झेर्बो खालून ओरडला. “ज्वारीच्या दारूचा माठ आणा, मगच उठेन!”

“ऊठ रे, कुत्रेखाऊ!” तांगा खेकसला, पण माठ आणवला.

झेर्बोने तो खड्ड्यातच रिचवला. मग त्याला वर ओढायला सात गडी आणि एक गाढव लागलं.

माती लोटून झाली, तसा झेर्बो ढसाढसा रडू लागला. “आता मी शिव्या कोणाला देऊ?”

तांगाने डोळे पुसले. “मी काय मेलोय, कुत्रेखाऊ?”