काकूंचा कान

काकू गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा काकांच्या मुठीत गाडीची किल्ली होती. डॉक्टरांना दोनदा सांगावं लागलं. पस्तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढल्यावर कान काय राहणार? दुसऱ्यांदा ते मोठ्यानं बोलले आणि बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

बाहेर गाडी घाईत लावली तशीच तिरकी उभी होती. काळी, जर्मन, बावीस वर्षांची, काकांच्या आधी तीन मालकांनी वापरलेली. निवृत्तीनंतर काकांनी ती हौसेनं घेतली, तेव्हा मेहुणा म्हणाला होता, "दारात पांढरा हत्ती बांधलात."

"रंग तरी नीट बघ," काका म्हणाले होते.

काकू तिला सवत म्हणायच्या. पण सवतीची दुखणी त्याच ओळखायच्या. काकांना इंजिनाची थरथर हातांना कळायची, आवाज कळायचा नाही. काकू शेजारी बसून ऐकायच्या आणि गॅरेजमध्ये जाऊन गाल फुगवून, जीभ टाळूला लावून तो आवाज हुबेहूब काढून दाखवायच्या. कामगार पाने खाली ठेवून बघायला यायचे.

"काय म्हणतेय म्हातारी, काकू?" मेकॅनिक विचारायचा.

"मला म्हातारी म्हणालास की तिला? वळताना कुंई करते. खड्ड्यात गेली की खडक्-खुळ. आधी खडक्, मग खुळ. उलटं नाही."

मेकॅनिक कॉम्प्युटरही जोडायचा नाही. काकूंच्या आवाजावरून सांगायचा, आणि उघडल्यावर तेच निघायचं. वर्षातून दोन-तीनदा काही ना काही निघायचंच, पण गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. "गाडी राखावी तर मी," काका चारचौघांत सांगायचे. काकू खाली बघून हसायच्या.

त्या सकाळी हॉस्पिटलकडे जाताना काकूंना धाप लागली होती. तरी एका वळणावर त्या सवयीनं काकांच्या कानाशी वाकल्या.

"अहो, माझ्या बाजूनं येतंय. पुढच्या चाकापाशी. घूं घूं घूं... आणि ब्रेक दाबला की..."

"गप्प बस गं. दम राख."

त्या गप्प बसल्या. पुढे काही बोलल्याच नाहीत.

महिन्याभरानं मुलगी म्हणाली, "बाबा, विकून टाका. चाक निखळून पुढे धावत गेलं तरी तुम्हाला ऐकू यायचं नाही."

"विकेन. पण खोट काढून. दुसऱ्याच्या गळ्यात नाही बांधायची."

मेकॅनिकनं कॉम्प्युटर जोडला, एकट्यानं दोन फेऱ्या मारल्या. "काका, ठणठणीत आहे."

"ती म्हणाली म्हणजे आहे."

"मग आवाज काढून दाखवा."

काकांनी घसा खाकरला. "घूं... घूं." सगळे बघत होते. कुणी हसलं नाही.

"बेअरिंग असेल. ब्रेक दाबल्यावर काय व्हायचं? वाढायचं की थांबायचं?"

"ते राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"मी बोलू दिलं नाही तिला."

मेकॅनिक हात पुसत राहिला. मग म्हणाला, "शेजारी कुणी बसल्यावर येत असेल, वजनानं. तुम्ही बसा तिकडे. मी चालवतो."

त्या सीटवर काका कधी बसले नव्हते. सीट पुढे ओढलेली होती, गुडघे समोर आपटत होते. मेकॅनिकनं ती मागे सरकवायला हात घातला, तो काकांनी धरला. "राहू दे."

पुलाच्या वळणावर मेकॅनिक एकदम ओरडला, "आला! ऐकलंत?"

काकांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी बूट काढून तळवा खाली टेकवला. कंप होता. बारीक, गरागरा फिरणारा. मेकॅनिकनं ब्रेक दाबला. कंप दाट झाला, दोनदा अडखळला आणि तुटला. एवढंच सांगायचं होतं तिला.

"काकूंचा कान म्हणजे कान," मेकॅनिक म्हणाला. "चाक उघडू, बेअरिंग बदलू. संध्याकाळपर्यंत आवाज गायब. होता की नव्हता, असं होईल."

"आज नको," काका म्हणाले.

"काका, असं चालवू नका. चाक जाम झालं तर उलटाल."

"नाही चालवत."

गाडी हळूहळू घरी आणली, त्याला आता चार महिने झाले. मुलगी फोनवर विचारते, काका म्हणतात, मेकॅनिकला सवड नाही. मेकॅनिक फोन करतो, तेव्हा ते उचलत नाहीत. सकाळी ते गाडी पुसतात, काकूंच्या बाजूनं आत बसतात, गुडघे आवळून. किल्ली फिरवत नाहीत.

चाक अजून उघडलेलं नाही.