दार बंद, सरासरी

मी मीटर बोलतोय. विजेचा नव्हे. तो जिन्याखाली टांगलेला असतो आणि त्याला वाचायला माणूस स्वतः घरी येतो. मी रक्तातली साखर मोजणारा, तळहातावर मावणारा. सध्या मुक्काम औषधांच्या डब्यात, थर्मामीटरच्या शेजारी.

साखर मोजणाऱ्याने गोड बोलावं असं तुम्हाला वाटत असेल, तर माफ करा. मला ते जमणार नाही.

मला कुणी विकत घेतलं नाही. एका सभागृहात शिबिर भरलं होतं. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी माझ्यासारखे शंभरएक मीटर लोकांच्या हातात ठेवले, फोटो काढून घेतले आणि ते जेवायला गेले. माझ्या डबीत दहा पट्ट्या होत्या. पट्टीशिवाय मी मुका आहे, हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. नखाएवढ्या रुंदीची पट्टी माझ्या तोंडात सरकवायची, बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तिच्या टोकाला लावायचं, की पाच मोजेपर्यंत मी आकडा सांगतो. एक पट्टी एकदाच चालते. मग ती केरात. फुकट वाटणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

मी ज्यांच्या घरी आलो, त्यांना सगळे रीडरकाका म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. काकूंची आणि त्यांची ओळखही तशीच झाली. काकूंच्या वडिलांच्या घरी मीटर जिन्याखाली होता आणि दार उघडायला काकू यायच्या. "बाबा घरी नाहीत, पण मीटर जिन्याखाली आहे, बघून घ्या," असं म्हणायच्या. त्या वर्षी त्या घराचा मीटर महिन्यातून दोन-दोनदा वाचला गेला. वरिष्ठांनी कारण विचारलं, तेव्हा "आकडा नीट दिसला नव्हता," असं काकांनी सांगितलं होतं. हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मीच सांगू शकतो.

साखर काकूंना होती. दिवसातून दोनदा इन्सुलिनचं इंजेक्शन. बोट टोचायचं काम मात्र काकांचं. रोज सकाळी चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचा, खिशातलं पेन काढायचं आणि म्हणायचं, "चला बाईसाहेब, रीडिंग." काकू बोट पुढे करायच्या आणि तोंड वळवायच्या. मी आकडा सांगितला की काका तो मोठ्याने वाचायचे आणि वहीत लिहायचे. माझ्यावर त्यांचा फार विश्वास. "माणूस खोटं बोलेल, मीटर बोलत नाही," हे ते शेजाऱ्यांनाही ऐकवायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

वही दवाखान्याने दिलेली. रोज सकाळ आणि संध्याकाळ, अशी महिन्याची साठ घरं छापलेली. आणि पट्ट्या मिळायच्या पंचवीस, महिन्याला एक बाटली.

"मॅडम, घरं साठ आणि पट्ट्या पंचवीस, हे कसं जमवायचं?" काकांनी दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंना विचारलं. मी त्यांच्या पिशवीतच होतो.

"काका, वही छापील येते. मी नाही छापली."

काकांनी त्यांच्या धंद्यातला उपाय काढला. विजेचा मीटर वाचायला गेल्यावर घराला कुलूप असलं, तर मागच्या तीन रीडिंगची सरासरी काढून लिहायची आणि बाजूला बारीक अक्षरात खूण करायची, 'दा. बं.' म्हणजे दार बंद. यात लबाडी नाही. पुढच्या महिन्यात दार उघडतं, खरा आकडा मिळतो आणि कमीजास्त आपोआप जुळतं. काकांनी वही तशीच भरली. ज्या वेळी पट्टी नाही, त्या घरात सरासरी, आणि शेजारी प्रामाणिकपणे 'दा. बं.'

खिडकीतल्या बाईंनी वही उलटली. "हे दाबं काय आहे?"

"दार बंद. म्हणजे त्या वेळी पट्टी नव्हती."

"असलं काही चालत नाही. वही पूर्ण भरलेली असेल तरच पुढची बाटली मिळते. नीट लिहून आणा."

काका घरी आले. पुढच्या महिन्यापासून त्यांनी सरासरी लिहिली आणि खूण लिहिली नाही. एवढंच केलं त्यांनी. मी त्या वहीच्या शेजारी पडून असायचो आणि माझ्या आठवणीत फक्त खरे आकडे होते, तारीख-वेळेसकट. माझ्या पोटावरचं एक बटण दाबलं की ते सगळे एकामागून एक दिसतात. ते बटण कुणी दाबायचं? वही इतकी सुवाच्य होती.

खऱ्या पट्ट्या बहुतेक सकाळीच वापरल्या जायच्या आणि सकाळी काकूंची साखर गुणी असायची. तिची सरासरी काढली, की संध्याकाळही गुणी दिसायची. दुपारी काकूंचे हात कधी कधी थरथरायचे, घाम यायचा, विनाकारण चिडचीड व्हायची. त्या खडीसाखर तोंडात टाकायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत. काकांच्या वहीत त्या संध्याकाळी एकशे पंचवीस लिहिलेलं असायचं.

पाच-सहा महिन्यांनी खिडकीतल्या बाईंचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी वही आत नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवली आणि परत आणली तेव्हा तिच्यावर निळा शिक्का होता, 'स्थिर'. "अभिनंदन काका. इतकी सुंदर वही आमच्याकडे कुणाचीच नाही. आता स्थिर रुग्णांना तीन महिन्यांतून एक बाटली. आणि पुढच्या खेपेला मीटर आणा, सोबत एक पट्टी आणा. मीटर बरोबर चालतोय का ते आम्ही तपासतो."

काका उड्या मारतच घरी आले. शिक्का दाखवला. काकू म्हणाल्या, "शिक्का चांगला उमटलाय. पण पट्ट्या?"

तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. परत जाऊन खरं सांगायचं, तर आधी खोटं कबूल करायला हवं. चौतीस वर्षांत एक आकडा मनाने लिहिला नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस तो. चार दिवस ते दवाखान्याच्या रस्त्याने गेलेच नाहीत. औषधाच्या दुकानात मात्र गेले. दुकानदाराने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "या मॉडेलच्या पट्ट्या आता येत नाहीत. नवा मीटर घ्या, तो फुकट आहे. पट्ट्या तेवढ्या विकत." काकांनी किंमत विचारली, चष्मा काढून पुसला आणि मला पिशवीत ठेवलं.

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगायला हवं.

तीन महिने संपत आले होते आणि काकूंना ताप होता. सकाळचं इंजेक्शन झालं होतं आणि जेवण दोन घासांवर आटपलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची तारीख. दुपारचे तीन वाजले असतील. बाटलीत एकच पट्टी होती.

"अहो," काकू खुर्चीतून म्हणाल्या, "जरा लावून बघता का? हात कापतायत."

काकांनी बाटली उघडली. आत पाहिलं. "उद्या द्यायची आहे गं. मीटर तपासणार आहेत. पट्टी नसली तर पुढची बाटली अडवतील. तापाने होतंय तुला."

"बरं. राहू द्या मग."

मी टेबलावरच होतो. ती पट्टी काकूंसाठी नव्हती, माझ्यासाठी राखलेली होती. माझी परीक्षा व्हायची होती म्हणून काकूंची झाली नाही. मला तोंड असून बोलता आलं नाही आणि याचा मला जो संताप आहे, तो अजून गेलेला नाही.

काकू आडव्या झाल्या. काकांनी पंखा लावला, खिडकी अर्धी लावून घेतली. झोप लागली म्हणून त्यांना बरं वाटलं. बसल्या बसल्या त्यांनी वही पूर्ण केली. संध्याकाळच्या घरात लिहिलं, एकशे अठ्ठावीस.

पाच वाजता चहाला उठवायला गेले, तर काकू उठेनात. उशी घामाने भिजलेली. मग त्यांनी धावत येऊन ती पट्टी काढली. काकूंचं बोट टोचून थेंब लावला. मी आकडा सांगितला, सव्वीस. सत्तरच्या खाली धोका, हे त्या वहीच्या मुखपृष्ठावरच छापलंय.

मोठ्या इस्पितळातली डॉक्टर मुलीच्या वयाची होती. ती माझं बटण दाबणारी पहिली. एका हातात मी, दुसऱ्या हातात वही.

"काका, मीटरमध्ये या महिन्याची आठ रीडिंग आहेत. वहीत साठ. बाकीची कुठून आली?"

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. मग म्हणाले, "सरासरी."

"म्हणजे?"

"दार बंद असलं की आम्ही सरासरी लिहायचो, डॉक्टर. पुढच्या महिन्यात जुळायचं ते."

ती त्यांना रागावली नाही. वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली. रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

काकू वाचल्या. पण मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला, असं डॉक्टर म्हणाली. चालतात, जेवतात, स्वतःचे केस विंचरतात. मधली चाळीस वर्षं तेवढी पुसली गेली.

आता वहीवर लाल शिक्का आहे, 'गंभीर'. आता महिन्याला चार बाटल्या मिळतात, मागावं लागत नाही. माझ्या मॉडेलच्या पट्ट्याही दवाखान्याच्या कपाटात होत्याच, म्हणजे तेव्हाही असणार. खिडकीतल्या बाई हल्ली काकांकडे न बघता बाटल्या पुढे सरकवतात.

वह्या छापणाऱ्यांनो, साठ घरं छापायची असतील तर साठ पट्ट्या द्या. नाहीतर रिकामं घर रिकामं दिसू द्या आणि त्याकडे बघून कुणाला तरी लाज वाटू द्या. विजेचं पुढच्या महिन्यात जुळतं. रक्ताचं जुळत नाही.

काका आता दिवसातून तीनदा मला डब्यातून काढतात. चष्मा नाकावर घेतात, खिशातलं पेन काढतात आणि काकूंसमोर बसतात. 'बाईसाहेब' म्हणायचं त्यांनी सोडलंय, कारण त्या बावरतात. काकू त्यांच्याकडे, मग पेनाकडे, मग माझ्याकडे बघतात आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारतात, "मीटर बघायला आलात का?"

"हो," काका म्हणतात.

"बाबा घरी नाहीत. पण दार उघडं आहे, बघून घ्या."

काका त्यांचं बोट हातात घेतात.