सपाट गल्ली

गल्ली कशी सुधारायची हे ज्यांना त्या गल्लीतून कधी चालायचं नसतं, त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. मी आपला ओव्हरसियर. बदलापूरहून रोज सायकल हाणत यायचं, कागदावर असेल तसं करून घ्यायचं आणि संध्याकाळी गुडघे चोळत परत जायचं. तेव्हा मला बावन्न वर्षं पुरी झाली होती. पेन्शनला तीन वर्षं होती आणि ती मी कैद्यासारखी मोजत होतो.

साल पंचावन्न. उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन. लढाईत सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकी, त्यांत फाळणीनंतर येऊन राहिलेली सिंधी माणसं, आणि बराकींच्या दोन रांगांमधून जाणारी बाजाराची गल्ली. सकाळी सातला या गल्लीत कोण नसायचं ते विचारा. अंबरनाथच्या कारखान्यांकडे निघालेले सायकलवाले, टांगे, हातगाड्या, नळावरून पाणी नेणाऱ्या बाया, सगळे एकमेकांच्या उरावर. बाजूला उघडं गटार. आठवड्याला एक तरी सायकलवाला त्यात आंघोळ करून यायचा. म्हणून वरून हुकूम आला. गटार झाका, टांगे-हातगाड्या मागच्या रस्त्याने वळवा, गल्लीच्या एका अंगाला सायकली, दुसऱ्या अंगाला चालणारी माणसं, आणि सगळं कसं सपाट करा.

बेत चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण तो करायचा कुणी? या चिंतामणीनं! सिमेंट वेळेवर येईना, मजूर सण आला की गावी पळायचे, दुकानदार आपापले ओटे मागे घेईनात. कापडवाला लोकूमल तेवढा भला माणूस. ओटा त्याने पहिल्याच दिवशी आपण होऊन तोडला. रोज मला चहा पाजायचा आणि म्हणायचा, "साईं, बहुत थक गये हो." थकलो होतोच. तीन महिन्यांत माझा पार पिट्ट्या पडला होता.

लोकूमलच्या दुकानासमोर सगुणाबाई बसायची. जांभूळ गावची आगरी म्हातारी, भाजी विकायची. पहाटे गावच्या बायांबरोबर डोक्यावर पाटी घेऊन निघायची. गल्लीच्या तोंडाशी बाया पांगायच्या, आणि ही एकटी दोनशे पावलं चालून आपल्या जागेवर यायची. जागा तिचीच. इथे सोल्जर होते तेव्हा त्यांनाही तिने अंडी विकली होती. पाटीला हाताचा आधार नाही, मान ताठ, कुणाला धक्का नाही. सायकलवालेसुद्धा घंटी न वाजवता तिला वळसा घालून जायचे.

एक दिवस आम्ही खडी पसरली होती आणि ही बया तशीच अनवाणी त्यातून चालत आली. मी खेकसलो, "अगं म्हातारे, पायांत काहीतरी घाल की!"

"सुनेनं नव्या वहाना घेतल्यान. घरी हायेत."

"मग काय पूजेला आणल्यात?"

तिने पाटी उतरवली, माझ्या आवाजाच्या रोखाने आली आणि हळूच म्हणाली, "वहाना घातल्या का मी आंधली, साहेब."

मला वाटलं थट्टा करतेय. मग मी तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर पेजेवर धरते तशी साय. तीन महिने मी या बाईशी रोज बोलत होतो आणि मला पत्ता नव्हता. डोंबलाचा ओव्हरसियर!

"गल्लीच्या तोंडाला विटांची कड लागते," ती सांगू लागली. "मंग नलापाशी पान्याची वल. मंग गटारावरची हलती फली. मंग लोकूशेटच्या दारचा उतार. पाय सांगतंत, मी चालते." नाणी ती बोटांनी ओळखायची. भाजीचे वाटे लावायची, म्हणजे तराजूची भानगड नाही. घरात कुणालाही माहीत नव्हतं. सून अंजनी जिवाला जपणारी, कळलं असतं तर तिने सासूला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं.

"घरी बसली का मेली मी," सगुणाबाई म्हणाली. "कुनाला सांगशील तं बघ. आन घे."

मी आण घेतली.

"आनि आता तू समदं सपाट करनार. मंग मी कशी येऊ रं?"

त्या रात्री बायकोनं दोनदा विचारलं, जेवणात लक्ष का नाही म्हणून. गल्लीचा इंचन्‌इंच मी टेप लावून मोजला होता, आणि जी बाई तिथे रोज चालत होती तिची गल्ली माझ्या एकाही कागदावर नव्हती. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावलं. चालणाऱ्यांच्या अंगाला, सायकलींच्या हद्दीलगत, गल्लीच्या तोंडापासून लोकूमलच्या दारापर्यंत वीतभर रुंदीची काळ्या दगडाची खडबडीत पट्टी बसवून घेतली. वहीत लिहिलं, 'पाय घसरू नये म्हणून.' गल्लीचा तेवढा भाग तयार झाला तशी सगुणाबाई आधी रिकामी चालून आली, मग पाटी घेऊन चालून आली. एकदाही अडखळली नाही. जागेवर पोचल्यावर तिने पायाचा अंगठा दगडावर घासला आणि बोळक्या तोंडाने हसली. "हां! ही बोलते." तीस वर्षांच्या नोकरीत पूल झाले, नाले झाले, पण त्या वीतभर पट्टीइतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

मग आठवड्यावर उद्घाटन आलं आणि आमचे मोठे साहेब, गुरुदत्त, तपासणीला आले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण त्या दिवशी नेमके पायी चालले. चकचकीत बूट, नजर वर. पट्टीवर ठेचकाळले. त्यात एक सायकलवाला पुढे होऊन म्हणाला की दुसऱ्याला मागे टाकताना चाक त्या दगडांवर गेलं की खडखडतं. झालं!

"चिंतामणी, ही पट्टी कुणाच्या आजीसाठी ठेवली आहे?"

मी म्हणायला हवं होतं, होय साहेब, एका आजीसाठीच. एवढंच. पण मी वहीत डोकं घातलं.

"उखडा ती. सिमेंट मारा. सोमवारी गल्ली आरशासारखी दिसली पाहिजे."

"होय साहेब."

मी आण घेतली होती, म्हणून गप्प राहिलो, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. कसली आण! नाव न घेताही सांगता आलं असतं. मी दमलो होतो, हे खरं कारण. सांगितलं असतं तर अर्ज आला, खुलासा आला, महिनाभर हेलपाटे आले. 'होय साहेब' म्हटलं की काम संपतं. काम संपावं एवढंच मला हवं होतं.

पट्टी उखडली. सिमेंट वाळेपर्यंत गल्ली चार दिवस बंद ठेवली. रविवारी जांभूळला जाऊन म्हातारीला सांगून येणार होतो. जांभूळ म्हणजे काही काशी नव्हे. पण दुपारी जेवून आडवा झालो तो दिवेलागणीलाच उठलो.

सोमवारी गल्ली उघडली. फुलांची कमान, लोकूमल सगळ्यांना पेढे वाटतोय. सायकली एका अंगाने सरसर चालल्या होत्या, माणसं दुसऱ्या अंगाने हात हलवत, गप्पा मारत. कुणी कुणाच्या अंगावर नाही. लोक मला शाबासकी देत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सगुणाबाई आली. पाच-सहा पावलं नेहमीसारखी टाकली. मग तिचा उजवा पाय बाजूला गेला, चाचपून परत आला. पुन्हा गेला. मग डावा. ती पट्टी शोधत होती. शोधता शोधता सायकलींच्या अंगाला सरकली आणि पाटी डोक्यावर तशीच ठेवून मधोमध उभी राहिली. घंट्या सुरू झाल्या. "ओ मावशी! बाजू हटो ना!" जिच्यासाठी कधी घंटी वाजली नव्हती, तिच्यासाठी दहा वाजत होत्या.

मी पेढा टाकून धावलो. "सगुणाबाई, मी आहे."

"साहेब," ती म्हणाली, "गल्ली कुठं गेली रं?"

मी तिचा दंड धरून तिला सायकलींतून बाजूला घेतलं.

"पाटी उतरव," ती म्हणाली. इतक्या वर्षांत जागेवर पोचायच्या आधी तिने पाटी कधी उतरवली नव्हती. मी हात लावून उतरवली. तिने खाली वाकून जमिनीवरून तळवा फिरवला, सगळीकडे, जणू पोळपाट पुसतेय. "झ्याक केलंस. आता कुनाला ठेच नाय लागनार."

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"कुनाला सांगितलं नायस ना?"

"नाही."

"ब्येस."

मी पाटी उचलली. माझ्या शर्टाची बाही धरून ती जागेवर आली, आणि हे सगळ्या गल्लीने पाहिलं. मला काही सांगावं लागलंच नाही. संध्याकाळपर्यंत बातमी जांभूळला पोचली. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी. लोकूमल मला म्हणाला, "अम्मा नहीं आयी, साईं."

आठ दिवसांनी पाटी आली, पण अंजनीच्या डोक्यावर. तिच्या पदराचं टोक धरून मागे सगुणाबाई. अंजनीने भाजीचे वाटे लावले, सासूला भिंतीशी टेकवून बसवलं आणि माझ्याकडे पाहून हसली. मोकळी, चांगली बाई.

"लई ब्येस रस्ता केलात, साहेब. आत्याबायला येकदा जागेवर बसायचं होतं, म्हनून आनली. उद्यापासून मीच येईन."

सगुणाबाई माझ्या बाजूला तोंड करून बसली होती. मी आहे हे तिला कळलं होतं.

"आनि आता ऐकाया पन लागल्यात," अंजनी कौतुकाने म्हणाली. "दोन वर्सं मागं लागले होते मी. काल आपन होऊन मागितल्यान."

मी खाली पाहिलं. सगुणाबाईच्या पायांत नव्या वहाणा होत्या.