हाडांचा मालक

आमच्याकडे बाई मेली की तिच्या माहेरच्यांनी होकार दिल्याशिवाय शवपेटीला खिळा लागत नाही. माहेरचे म्हणजे हाडांचे मालक. लामेइ माझी धाकटी बहीण, म्हणून मालक मी. खिळे माझ्या खिशात होते.

लामेइच्या सासरच्या अंगणात शिरलो तर धुपापेक्षा सेंटचाच वास जास्त. माझा भाचा वेनपिन शीनिंग शहरात मोठा साहेब आहे. आईच्या मयताला त्याने भाड्याचा निवेदक आणला होता, केस चोपडून बसवलेला. टीव्हीवरच्या चिनीत तो लामेइच्या मायेचे गोडवे गात होता. तिला त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मला शिसारी आली.

"तू गप बस बाबा," मी त्याला म्हणालो. "वेनपिन, इकडे ये. आईला कसं ठेवलं होतंस, सांग."

रीतच आहे ती. मुलाने तबकात कापड आणि दारू घेऊन गुडघे टेकायचे आणि आईचं खाणंपिणं, दुखणंखुपणं सगळं सांगायचं. वेनपिनने गुडघे टेकले, पण भाषा टीव्हीचीच काढली. "मामा, आईच्या सेवेत आम्ही कसलीही कसर ठेवली नाही."

"हे नको. ती तुला जेवायला हाक मारायची, त्या बोलीत बोल."

आमची बोलीही चिनीच, पण शहरवाले तिला उलटी म्हणतात. ते 'पी चहा' म्हणतात, आम्ही 'चहा पी'. त्यात नवल कसलं? आमच्या कितीतरी आया-आज्या शेजारच्या 'तू' नावाच्या जमातीतून आल्या, काही वरच्या तिबेटी वस्तीतून. चुलीपाशी त्या जशा बोलल्या, तसं आमच्या तोंडात बसलं. माझी आईही त्या 'तू' जमातीचीच. त्या बोलीला नाक मुरडणारा माझ्या आईलाच नाक मुरडतो.

आणि लामेइ शेवटची काही वर्षं शहरात वेनपिनकडे होती, तिथलं येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मी काय काय ऐकलं होतं. पण मला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

त्याने तबक खाली ठेवलं. मग लहानपणची बोली अडखळत बाहेर आली. "पाहुणे आले की आईला मी स्वयंपाकघरात बसवायचो. नातवाशी बोलू नको म्हणालो, त्याची चिनी बिघडेल म्हणून. मग ती कुणाशीच बोलेना. शेवटी शेवटी पाणीसुद्धा हाताने खूण करून मागायची."

बायका रडायला लागल्या. माझा हात खिशाकडे गेला. चुकला, पण कबूल तरी केलं, असं वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको शुएरू पुढे झाली. ती पूर्वेकडची, तिला आमच्या बोलीतलं अक्षरही कळत नाही. "काय म्हणालास रे?"

वेनपिनने डोळे पुसले. आवाज पुन्हा साहेबाचा झाला. "काही नाही गं. रीतीचं असतं, म्हणावं लागतं."

ओकलेलं परत गिळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

"आत्ता बोललास ते तिला तिच्या भाषेत सांग," मी म्हणालो.

"मामा, चार लोकांत तेवढं नको."

"मग खिळेही नकोत."

सुताराने हातोडा खाली ठेवला. मी स्टूल ओढून पेटीशेजारी बसलो आणि लामेइशी बोलायला लागलो, आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.